वेळेआधी उघडलेला फोटो

इथले किस्से मी डबा खाताना वाचते आणि हसते. खोटं कशाला बोलू, दोन-तीन लेखकांना मी नाव बदलून टोमणेही मारलेत. तेव्हा आज मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर त्यांनी खुशाल वचपा काढावा. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. वडील फौजेत होते. घरात अंगारा-धुपारा दिसला की ते ताट भिरकावून द्यायचे, आणि तोच स्वभाव माझ्यात उतरलाय. आजही कुणी भूत म्हटलं की माझं डोकं फिरतं. पण मग त्या दिवशी जतकडच्या मैदानात माझ्या हातातल्या मोबाईलवर जे उघडलं ते काय होतं... हे मला कुणीतरी सांगा. शहाणपणा न करता सांगा.

आधी माझं काम सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी साताऱ्यात वेबसाईट बनवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात आहे. साईट दिसते कशी हे बघणारे वेगळे. ती उघडायला किती वेळ घेईल, हे मी सांगते. फोटो किती जड आणि तिथलं नेट किती वेगाचं, याचा भागाकार — आणि वर अनुभवाची भर. डोंगराआडच्या गावाला किती वाढवायचं, बाजाराच्या दिवशी किती वाढवायचं, हे पुस्तकात मिळत नाही. माझा अंदाज सहसा चुकत नाही, आणि चुकला तर मला जेवण जात नाही. नवरा म्हणतो, हिला चहा ठेवायला सांगितला तर आधी तो उकळणार कधी ते सांगेल.

आता एकच तांत्रिक गोष्ट, ती मात्र नीट वाचा. एकदा बघितलेला फोटो मोबाईल स्वतःजवळ ठेवून घेतो. म्हणून तोच फोटो दुसऱ्यांदा बघायला गेलात की चटकन उघडतो, नेटची वाट बघत नाही. अंदाज घ्यायचा असेल तर हे चालत नाही. त्यामुळे मी दर वेळी आधी मोबाईल कोरा करते, साठवलेलं सगळं पुसून टाकते. अशा कोऱ्या मोबाईलवर जड फोटो लगेच उघडणं शक्य नाही. तो लगेच उघडला तर त्याचा एकच अर्थ होतो, की त्या मोबाईलनं तो आधी बघितलेला आहे.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीजवळ एका गावच्या यात्रेला बैलगाडी शर्यत होती. गावाचं नाव सांगत नाही. आदल्या वर्षी तिथं निकालावरून डोकी फुटली होती. पंचानं एक गाडी पहिली सांगितली आणि पब्लिकनं दुसरी. म्हणून यात्रा कमिटीनं ठरवलं, झेंड्यापाशी, म्हणजे जिथं शर्यत संपते तिथं, कॅमेरा लावायचा आणि निकालाचा फोटो साईटवर टाकायचा. ज्यानं त्यानं आपल्या मोबाईलवर बघावा आणि गप घरी जावं. हे काम आमच्या ऑफिसला मिळालं.

अडचण भलतीच निघाली. गावाला टॉवर एक आणि मैदानात माणूस मावत नव्हता. फोटो उघडायला वेळ लागला, गोल चक्र फिरायला लागलं, की लोकांना वाटायचं आत बसून फोटो बदलायला लागलेत. पहिल्याच फेरीला एकानं मांडवाच्या कनातीवर दगड टाकला. मग मी आणि निवेदक बापू, आम्ही दोघांनी तोड काढली. फोटो उघडायला किती वेळ लागेल याचा अंदाज करून मी बापूंना बोटं दाखवायची आणि बापूंनी तेवढा वेळ माईकवर बोलत राहायचं. एक बोट म्हणजे बैलाचं नाव आणि मालकाचं गाव. पूर्ण पंजा म्हणजे बैलाच्या आजोबापासून सुरुवात. बापूंचं वाक्य संपायला आणि फोटो उघडायला एकच गाठ पडायची. दुपारपर्यंत आमचा असा हात बसला की दगड थांबले.

खरं म्हणजे एवढ्या उन्हात ऑफिसमधून मीच गेले, त्याला कारण वेगळं होतं. माझा धाकटा भाऊ विकास त्या मैदानात गाडी हाकणार होता. आमचं गाव शिराळ्याकडचं. विक्या अंगानं काडी, पण बैलांच्या मागं उभा राहिला की त्याच्यासारखा ड्रायव्हर नाही, असं लोक म्हणायचे. मात्र मोठ्या मैदानात फायनल त्यानं कधी मारली नव्हती. दर वेळी कुठंतरी थोडक्यात जायची. त्या दिवशी तो आबांची जोडी हाकत होता, वजीर आणि पाखऱ्या. आबा म्हणजे वाळव्याकडचे ऊसवाले, माणूस तापट, बैलांवर पोटच्या पोरांपेक्षा जीव. सेमीफायनल विक्यानं आरामात काढली आणि लांबूनच मला दोन्ही हात वर करून दाखवले. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीवर उभी राहिले.

फायनलच्या आधी थोडा वेळ मोकळा होता. टँकर तासांवर पाणी मारत होता. तास म्हणजे प्रत्येक गाडीची आखलेली वाट. कमिटीतला एक जण माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "बाई, फायनलचा फोटो मोठा पायजे. बैलाच्या नाकपुड्या दिसल्या पायजेत." मोठा फोटो म्हणजे जड फोटो. त्यात गर्दी दुप्पट झालेली. सकाळपासूनचे माझे सगळे अंदाज बाद. आमचा कॅमेरावाला समीर, मिरजेचा पोरगा, त्यानं चाचणीसाठी रिकाम्या झेंड्याचा तेवढाच जड फोटो काढला आणि फायनलच्या पानावर चढवला. मी मोबाईल कोरा केला. भागाकार केला, गर्दीचे सेकंद वाढवले. अर्ध्या मिनिटाच्या आसपास येत होतं. बापूंना पंजा दाखवला. बापूंनी सुरुवात केली, "मंडळी, वजीर म्हणजे कोण? वजीरचा आजा कोण..." आणि मी पानावर बोट ठेवलं.

फोटो उघडला. लगेच... बोट उचलायच्या आत.

पहिल्यांदा मला आला तो राग. वाटलं, मोबाईल नीट पुसला नाही, एवढं साधं काम जमत नाही का? आणि मग फोटोत काय आहे ते दिसलं.

रिकामा झेंडा नव्हता तो. पांढऱ्या फक्कीच्या रेघेवर शर्यतीचा हलका छकडा उलटा पडला होता, एक चाक आभाळाकडं. पाखऱ्या गुडघ्यांवर आला होता. वजीरची मान खाली होती आणि त्याचं डावं शिंग विक्याच्या बरगडीखाली मुळापर्यंत गेलेलं होतं. शर्ट फाटून शिंगाला गुंडाळला होता. विक्याचा एक पाय दुसऱ्या चाकाखाली, जिथं सांधा नसतो तिथं वाकलेला. तोंडात माती, दात लाल. डोळे उघडे, थेट कॅमेऱ्यात बघणारे. आणि फोटो मोठा होता... नाकपुड्या दिसत होत्या. सगळ्यांच्याच.

मोबाईल माझ्या हातातून पडला. समीरनं उचलला, "ताई, काय झालं?" म्हणत पान पुन्हा उघडलं. चक्र फिरायला लागलं. फिरत राहिलं. बापूंनी वजीरचं सगळं खानदान संपवलं, तेव्हा कुठं फोटो आला — रिकामा झेंडा, पांढरी रेघ, मागं टँकर. वेळ माझ्या अंदाजाइतकाच लागला होता.

"ताई, ऊन लागलं तुम्हाला. पाणी प्या," समीर म्हणाला. मी त्याला लॅपटॉप दाखवायला लावला. फायनलच्या पानावर एकच फोटो होता, त्यानं चढवलेला. दुसरा कुणी चढवलेला नाही, काढून टाकलेला नाही. कुणाची चेष्टा म्हणावी, तर अजून न झालेल्या शर्यतीचा फोटो कोण काढणार? विक्याच्या अंगात तोच शर्ट होता, आबांनी सकाळी सगळ्यांना वाटलेला कोरा करकरीत पिवळा.

मी समीरची मोटारसायकल घेतली आणि मैदानाच्या कडेनं सुटले. जिथून गाड्या सोडतात ते टोक लांब होतं. धुळीत दोनदा घसरले. पोचले तेव्हा सात गाड्या आपापल्या तासावर लागत होत्या. विक्या छकड्यावर चढलेला, कासरा हातात.

"विक्या, उतर खाली."

"आक्का? तू हितं कशाला आलीस?"

"उतर म्हणते न्हवं. ही गाडी तू हाकायची न्हाईस. मी फायनलचा फोटो बघितला. तू झेंड्यावर पडलायस. वजीरचं शिंग तुझ्या पोटात हाय."

तो हसला. "आगं, फायनल अजून पळालीच न्हाई, मग फोटो कुठनं आला?"

"तेच तर मी म्हणते!"

आजूबाजूची माणसंही हसली. कुणीतरी म्हणालं, कॉम्प्युटरवाल्या बाईला ऊन चढलं. मी आबांकडं वळले. "आवं आबा, पाया पडते. दुसऱ्या कुणाला बी हाकू द्या. माझा भाऊ नको." होय, मी असंच म्हणाले. दुसरा कुणीही चालला असता मला. त्या क्षणी दुसऱ्यांच्या बहिणी माझ्या डोक्यात आल्या नाहीत.

"बाय, बाजूला हो," आबा दात खाऊन म्हणाले. "वरीसभर वाट बघितलीया."

विक्याचा आवाज एकदम खाली आला. लहान असताना शाळा बुडवायची असली की असाच बोलायचा. "आक्का, आजच्याला गप ऱ्हा. ही एक मारू दी मला. मग जल्मभर तू म्हणशील तसं ऐकतो."

पंचांनी शिट्टी वाजवली. बैल थरथरायला लागले होते. मी विचार केला नाही. वजीरच्या मानेजवळ गेले आणि जोखडाची शिवळ उपसली. शिवळ म्हणजे बैलाची मान जोखडात अडकून राहावी म्हणून उभी घालतात ती दांडकी. फौजेतून परतल्यावर वडिलांनी शेती केली, त्यांच्या हाताखाली मीही बैल जुंपलेत, मला ठाऊक होतं ती कशी निघते. उपसली आणि बाभळीच्या काट्यांत लांब फेकून दिली. वजीरनं मान झटकली आणि जोखड धाडकन एका बाजूला पडलं.

आबांनी माझ्या वेणीचा शेपटा धरला. हाताला गुंडाळला आणि मला मागं खेचलं. मी पाठीवर पडले, डोक्याखाली दगड आला. "मारून टाकीन भवाने!" असं ओरडत त्यांनी माझ्या पोटात लाथ घातली. दुसरी लाथ बसलीच नाही, कारण विक्या छकड्यावरून सरळ त्यांच्या अंगावर आला. ज्या शर्यतीसाठी तो माझ्या विनवण्या करत होता ती त्यानं तिथंच सोडली. आबांच्या नाकावर त्याचा गुडघा बसला. हाड मोडल्याचं मी ऐकलं. मग आबांची माणसं आली. चौघं होती का सहा, मला सांगता येणार नाही. एकाच्या हातात ट्रॅक्टरची टॉमी होती, ती लोखंडी पहार. ती विक्याच्या खांद्यावर बसली, आणि तो वाकल्यावर डोक्यावर. मी एकाच्या पोटरीला चावले, रक्त येईपर्यंत चावले, तरी तो मारायचा थांबेना. सुटलेला वजीर त्या गर्दीतनं उधळला आणि एकाच्या पावलावर पाय देऊन गेला. तो माणूस कोकरागत ओरडत होता.

तेवढ्यात पंचांनी राहिलेल्या सहा गाड्या सोडल्या. आम्ही मातीत पडलेलो आणि कानाशेजारून चाकं गेली. पलीकडं बापू माईकवर कुणाच्या तरी नावानं ओरडत होते. विक्यानं रक्तानं भरलेलं डोकं उचलून गाड्या गेल्या तिकडं बघितलं. मार खाताना तो रडला नव्हता. तेव्हा रडला.

मिरजेच्या दवाखान्यात त्याच्या डोक्याला टाके घातले, खांद्याच्या हाडात पट्टी टाकली. पोलिसात जायचं नाही असं दोन्ही बाजूंच्या मध्यस्थांनी ठरवलं. समीरनं नंतर फायनलचा खरा फोटो दाखवला. सहा गाड्या, त्यातली एक पुढं, आबांचा तास रिकामा. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

आमच्या ऑफिसातल्या सरांना मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी सर्व्हरची नोंद काढली. मी बोट ठेवलं त्या वेळेला माझ्या मोबाईलनं आमच्याकडं फोटो मागितलाच नव्हता. समीरनं पुन्हा उघडला तेव्हाचीच मागणी तिथं होती. "म्हणजे तो तुझ्या मोबाईलमध्येच होता," सर म्हणाले. मग आम्ही मोबाईल उलटापालटा केला. त्यात काहीच नव्हतं. कसं असणार, मी स्वतःच्या हातानं पुसला होता.

तुम्ही म्हणाल, बाई, शर्यतीची भीती मनात होती, उन्हात भास झाला. मीही स्वतःला हेच सांगते. भास होतोही. पण मला वेळ कळते हो! मी दिवसभर तेच करते. तो फोटो ज्या वेगानं उघडला तो वेग मी ओळखते, आणि मला भीती वाटते ती त्या शिंगापेक्षा त्या वेगाची.

विक्याशी माझं नातं मात्र तुटलं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "आक्का, तू मला मेलीस." खांदा पहिल्यासारखा झाला नाही, आणि झाला असता तरी मालकाचं नाक फोडणाऱ्याला बैल कोण देणार? तो साताऱ्यातच एमआयडीसीत कामाला लागला. माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर खोली घेऊन राहिला, पण दारात आला नाही. रस्त्यात दिसला तर गाडीचा वेग वाढवायचा. आणि तीच जोडी, वजीर-पाखऱ्या, दुसऱ्या ड्रायव्हरनं त्यानंतर किती मैदानं पळवली. कुठं काही झालं नाही. आई मला फोनवर हे आवर्जून सांगायची. मी म्हणायचे, आई, तुझा ल्योक जिवंत हाय. ती म्हणायची, व्हय, पण हसत न्हाई.

दिवाळीला आईनं जेवण सोडायची धमकी दिली, तेव्हा भाऊबीजेला तो आला. पाटावर बसला, मान खाली. मी टिळा लावला, ओवाळलं. त्यानं ताटात ओवाळणी टाकली आणि लगेच उठेल असं मला वाटलं. उठला नाही. करंजीचा तुकडा मोडून हातात धरून बसला. नवरा आणि आई स्वैपाकघरात गेल्यावर त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"आक्का, एक इचारू?"

"इचार की रं."

"त्या फोटोत आपली गाडी पयली आली हुती का?"

तो फोटो निकालाचा होता, आणि लोकांना निकाल दाखवणं हेच माझं तिथलं काम होतं. रेघ होती, झेंडा होता, मागं इतर बैलही असणार. पण मी त्याच्या पलीकडं काहीच बघितलं नव्हतं. कुणाची गाडी पुढं होती, पुढं कुणी होतं की नाही... खरंच सांगते, मला माहीत नाही. कितीही डोळे मिटून आठवलं तरी तिथं फक्त तो दिसतो.

"पयली," मी म्हणाले. "लय पुढं हुती. बाकीच्या गाड्या मागं धुळीत."

त्यानं डोळे पुसले, हातातली करंजी खाल्ली आणि ताट माझ्यापुढं सरकवलं. "अजून एक दी," म्हणाला.

आता तो रविवारी जेवायला येतो. त्या दिवसाचा विषय आम्ही दोघंही काढत नाही. फोटो कुठून आला, माझ्या मोबाईलनं तो आधी कधी आणि कुठं बघितला होता, याचं उत्तर मला मिळालेलं नाही आणि मिळेल असं वाटतही नाही. परवा जेवता जेवता नवऱ्यानं त्याला सहज विचारलं, मोठ्या मैदानात फायनल कधी मारली होतीस का रे? विक्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "एकदा."